नऊ सीटची एअरलाइन

मोठ्या कंपनीच्या जाहिराती केल्या की ईमेल साठतात. छोट्या कंपनीच्या केल्या की किस्से साठतात! दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या एजन्सीत मी बरीच वर्षं जाहिराती लिहितोय. पण शनिवारी मित्रमंडळी जमली की फर्माईश होते ती एकाच क्लायंटची. रास अल खैमाहून एका बेटावर जाणारी एअरलाइन. विमान एक, सीट नऊ.

मालक तिथलेच. सगळे त्यांना 'अरबाब' म्हणतात, म्हणजे शेठ. त्यांचं बालपण त्या बेटावर गेलं. बेटावर हॉस्पिटल नव्हतं, अजूनही नाही. म्हणून त्यांनी विमान घेतलं. आपण गाडी घेतो तसं! आणि काउंटर, सामान, वजनकाटा हे सगळं सांभाळणारे एकटे मुकादमभाई, मूळचे रत्नागिरीचे.

* * *

आमची पहिली जाहिरात. पानभर फोटो, निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेलं झाड. फोटो अर्थातच इंटरनेटवरून विकत घेतलेला. मी मोठ्या ऐटीत पेपर घेऊन काउंटरवर गेलो.

मुकादमभाईंनी चष्मा वर केला. "साहेब, हा माड आहे."

"मग?"

"बेटावर सगळी खजुरीची झाडं. माड माझ्या गावाला! तुम्ही लोकांना रत्नागिरीला नेताय काय?"

आता क्लायंट हातचा जाणार, असं धरूनच मी अरबाबसमोर उभा राहिलो. ते भारतीयांशी हिंदीत बोलायचे, खास आखाती हिंदीत. फोटो बघून म्हणाले, "छप गया? खलास. अब पेड लगाओ!"

बेटावरच्या धावपट्टीशेजारी खरोखर माडाची चार रोपं लागली. एक जगलंय.

* * *

एवढ्याशा विमानात प्रत्येक प्रवाशाचं वजन करावं लागतं. कोण पुढे, कोण मागे, ते त्यावर ठरतं. मुकादमभाईंनी काट्याची तबकडी स्वतःकडे वळवून ठेवलेली. आकडा ते चिठ्ठीवर लिहितात, तोंडातून काढत नाहीत. बायकोने नवऱ्याचा विचारला तरी नाही!

एकदा पुण्याच्या एक बाई काट्यावर चढता चढता अडखळल्या. "चपला काढू का हो?"

मुकादमभाई अदबीने म्हणाले, "काढा की. पण मग त्या इथेच ठेवून जावं लागेल."

* * *

विमानात कॉकपिटला दार नाही. कॅप्टन मान वळवून प्रवाशांशी गप्पा मारतो. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची होती. तिने खणखणीत आवाजात विचारलं, "बाबा, इज द ड्रायव्हर अलाउड टू टॉक?"

मी तिला गप्प करणार, तेवढ्यात पुढून उत्तर आलं, "ओन्ली व्हेन ही इज नॉट लॉस्ट!"

मग बेट येईपर्यंत कॅप्टन एक शब्द बोलला नाही. मुद्दाम!

* * *

दुसऱ्या वर्षी मी 'एक मिनिटही उशीर नाही' अशी कॅम्पेन नेली. रेडिओ, होर्डिंग, सगळं तयार. अरबाबनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मुकादमभाईंना विचारलं, "बुधवार को क्या होता है?"

मुकादमभाई खाली बघत म्हणाले, "बुधवारी उम्म राशिद डायलिसिसला येते. म्हातारी आहे. तिला जिना चढायला वेळ लागतो. विमान थांबतं."

"कितना?"

"ती बसेपर्यंत."

अरबाब माझ्याकडे वळले. "हबीबी, तेरा होर्डिंग अच्छा है. लेकिन बुधवार को झूठा है."

एवढी वर्षं जाहिरातीत काढली, पण स्वतःच्या कामाची अशी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. आणि क्लायंटचा असा अभिमानही.

* * *

मग बेटावर फेरीबोट सुरू झाली. वेगवान, एसी, वर कॅफे. तिकीट आमच्या निम्मं. महिन्याभरात आमच्या नऊपैकी सात सीट रिकाम्या जायला लागल्या. अरबाबनी आम्हाला बोलावून सरळ सांगितलं, "इस सर्दी में सीट नहीं भरा, तो विमान बेचेगा."

मुकादमभाई माझ्यासोबत गाडीपर्यंत आले. "नोकरीचं काय, साहेब, मी गावी जाईन. पण बेटावरचं पेशंट बोटीतून दोन तास कसं यायचं? समुद्र खवळला की बोटच बंद."

आम्ही घायकुतीला येऊन सेल, फ्री ब्रेकफास्ट, रिटर्न तिकिटावर सूट असं सगळं काढलं. अरबाबनी सगळं बाजूला सारलं आणि शेवटच्या जाहिरातीचा मजकूर स्वतः सांगितला. अर्धं पान, एकही फोटो नाही:

'बेटावर आता बोट येते. बोट चांगली आहे, स्वस्त आहे. तिच्या वेळा खाली दिल्या आहेत. ज्यांची तब्येत बरी आहे, त्यांनी बोटीने जावं. आजारी माणसांसाठी आम्ही आहोत.'

आणि खाली खरोखर बोटीचं टाइमटेबल!

आमच्या बॉसने डोक्याला हात लावला. "ही जाहिरात नक्की कुणाची?"

अरबाब म्हणाले, "यल्ला, छापो."

जाहिरात आली त्या सकाळी मला चैन पडेना. पहिलंच विमान पकडून मी बेटावर गेलो. जाताना प्रवासी मी एकटाच. मुकादमभाई सोबत होते. परतीच्या प्रवाशांची वजनं करायची होती ना! असले तर.

उतरून बघतो तर धावपट्टीच्या शेडपासून रस्त्यापर्यंत लाइन. कुणी कंबर धरलेली, कुणी कपाळाला रुमाल बांधलेला. शाळेचे मुख्याध्यापक जिवाच्या आकांताने खोकत होते. फेरीच्या धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं.

मुकादमभाईंनी निमूटपणे काटा मांडला. एकेकजण कण्हत चढला, कण्हत उतरला. शेवटी काट्यावर आला तो बेटाच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर. सहा फूट उंच, दंड माझ्या मांडीएवढे, तोंडात च्युइंगगम.

मुकादमभाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तुला रे काय झालंय?"

गोलकीपर थोडा ओशाळला. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, "अजून काही नाही. पण होईल, इन्शाल्ला!"