दाजींची विलायत

अंबाजोगाईला अक्काच्या घरी राहून मी कॉलेज करत होतो, तेव्हा दाजींनी कॉम्प्युटर घेतला. त्यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, खताचं दुकान. त्यांचे थोरले भाऊ मस्कतला नोकरीला होते, त्यांच्याशी ईमेलवर बोलायचं म्हणून ही खरेदी. पण दाजी एकेक ओळ चवीचवीनं वाचायचे, आणि तोवर फोनच्याच तारेवर चालणाऱ्या इंटरनेटपायी घरचा फोन अडकून पडायचा. आईचा फोन लागेना म्हणून अक्का वैतागली.

मी मेलचं सॉफ्टवेअर बसवलं. त्यात पत्रं एकदम उतरवून घ्यायची, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचत बसायचं. सगळी जुळवाजुळव झाली, तर फुकट मेल देणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं : पत्रं उतरवून घ्यायची सोय तुमच्या देशात नाही. इंग्लंडमध्ये मात्र होती.

"खात्यात देश बदलला की चालतं म्हणे," मी म्हणालो.

"आमी मोंढ्यातली मान्सं. विलायतेत ऱ्हातो असं खोटं कावून लिहावं?"

"तू बदल रे," अक्का मला म्हणाली. "यांचं काय ऐकतो!"

मी बदलला. पत्रं भराभर उतरली. दाजी चष्मा लावून वाचायला बसले.

मग अक्काला जोर चढला. ताट वाढताना विचारायची, "सायेब, भाकरी चालंल का पाव मागवू?" त्यात ऐन मे महिन्यात विलायतेतल्या दुकानाची, बर्फात घालायच्या उरलेल्या बुटांची जाहिरात आली. बनियनवर घाम पुसत बसलेल्या दाजींना अक्का म्हणाली, "घ्या की एक जोड. लई थंडी हाय तुमच्याकडं."

दाजींच्या ते मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी डिक्शनरी घेऊन बसले आणि कंपनीला इंग्रजीत सगळं कळवून टाकलं : मी अंबाजोगाईचा, इंग्लंड कधी पाहिलं नाही, हा उद्योग बायकोचा आणि मेव्हण्याचा.

"आता करतेत बंद!" अक्का धास्तावली.

आठवड्यानं उत्तर आलं. मी मोठ्यानं वाचलं : संपर्क केल्याबद्दल आभार. आपण इंग्लंडचे रहिवासी असल्यामुळं ही सोय आपल्याला मिळत राहील.

दाजींनी ते माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं. चष्मा काढला, पुसला.

"आता हो?" मी विचारलं.

"आपून खरं सांगितलं," ते गंभीरपणे म्हणाले. "त्यांनाच पटत न्हाई, तर ऱ्हाऊ दे."