गोळ्यांचं रिकामं पाकीट

गोळ्यांचं रिकामं पाकीट हातात चुरगळलं की मला टोकावड्याची भातलावणी आठवते. गुडघाभर चिखल, वाकलेल्या बाया आणि बांधावर किटलीतला कोरा चहा. माझी चुलती त्या चहाबरोबर गुडघेदुखीची गोळी घ्यायची. डॉक्टरांनी पाचच दिवसांच्या लिहून दिल्या होत्या, त्याही जेवल्यावर घ्यायला. पण मुरबाडच्या मेडिकलवाल्याला रिकामं पाकीट दाखवलं की तो नवीन द्यायचा, आणि मी मुकाट आणायचो. लावणी लांबली, श्रावण लागला, तरी सोमवारी उपाशीपोटीसुद्धा तिची गोळी चुकली नाही. मी टोकलं तर हसली, "गोळीनं उपास मोडत नाय रे!" पुढच्या सोमवारी ती घेरी येऊन बांधावर पडली. चार दिवस डांबरासारखी काळी शी होत होती, ते तिने लाजेने लपवलं होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झालाय. मग चिडून विचारलं, "कोण आणून देतं यांना?" "मीच आणते, बाजाराला जाते तवा," ती पडल्या पडल्या म्हणाली. त्या दुखण्यातून ती वाचली, पुढे बरीच वर्षं जगली, आणि माझं नाव तिने कधीच घेतलं नाही. मीही सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगतोय.