पानावरच्या तीन वड्या

नवरा होता तोवर दुकानात कामाची वाटणी सरळ होती. गिऱ्हाइकाशी बोलायचं त्यानं, चित्र काढायचं मी. नांदेडच्या एका गाळ्यात आम्ही पाट्या करायचो, पाकिटं करायचो, लग्नाच्या आणि उत्तरकार्याच्या पत्रिका छापायचो. मागच्या वर्षी तो गेला आणि गिऱ्हाईक पातळ झालं. धाकटा दीर अधूनमधून फोन करून विचारायचा, "वहिनी, गाळा मोबाईलवाल्याला देऊन टाकू का? घरबसल्या भाडं येईल." घरी बसून मी काय करायचं, हे त्यानं कधी सांगितलं नाही.

अशात लातूरहून एका मुलाचा फोन आला. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकताना तो आमच्याकडे प्रोजेक्टची मुखपृष्ठं छापायला यायचा. आता त्यानं स्टार्टअप काढलं होतं. सोयाबीनचं तेल काढल्यावर उरलेली पेंड एरवी ढोरांपुढे जाते. हा तेल काढण्यापासून सगळं स्वच्छ ठेवून त्या पेंडीचं पीठ करायचा आणि त्या पिठाच्या, माणसांनी खायच्या, वड्या बनवून उन्हावर चालणाऱ्या यंत्रात वाळवायचा. त्याला लोगो हवा होता.

"मॅडम, बघितल्याबरोबर शाश्वत वाटलं पाहिजे."

"शाश्वत कसं दिसतं?"

त्यानं परदेशी कंपन्यांची चित्रं पाठवली. सगळ्यांत हिरवं पान होतं.

एकटीच्या हिमतीवर आलेलं हे पहिलं काम. लोगो जमला तर पुढची पाकिटं, खोकी, बोर्ड सगळं माझ्याकडे येणार होतं. नाही जमला तर गाळा मोबाईलवाल्याला, असं मी ठरवून टाकलं. मग बसले. पृथ्वी धरलेले दोन हात काढले आणि पुसले, कारण तसले हात विम्याच्या जाहिरातीतही असतात. सूर्य काढला, तो पापडाच्या पाकिटावरचा निघाला. मुलगा रोज संध्याकाळी फोन करून "कुठवर आलंय?" विचारायचा. दिवसभरात माझा आवाज मला तेवढाच ऐकू यायचा.

शेवटी जमलं. आडवं हिरवं पान, त्यावर तीन गोल पांढुरक्या वड्या. बाकी काही नाही. मुलाला आवडलं. त्याच्या वडिलांनाही आवडलं. त्यांची लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडत आहे आणि मुलाच्या धंद्यात पैसा त्यांचा. पाकिटांच्या छपाईची ऑर्डर त्याच आठवड्यात जाणार होती. मी चित्राचा मोठा प्रिंट काढून दुकानाच्या भिंतीवर लावला.

दुसऱ्या दिवशी कंधारहून थोरली नणंद आली, डोळे तपासायला. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून कुरकुरत दुकानात टेकली, पाणी प्यायली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "कोण गेलं गं?"

"कुठं कोण गेलं?"

"ही पत्रिका कुणाची हाय मग? पान वाढलंय, पिंड ठिवलेत."

"अक्का, सोयाबीनच्या वड्या आहेत त्या."

"असतील बाई. मला आपलं वाटलं, कुणाचा दहावा हाय. कावळा तेवढा काढायचा राहिलाय."

मी वळून बघितलं. पान आणि पिंड. त्यानंतर मला त्यात वडी दिसेना.

बाकी कुणाला नाही तरी मला ते दिसायला हवं होतं. नवऱ्याच्या दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पान ठेवून आम्ही मागे सरकतो न सरकतो तोच कावळा शिवला होता. सगळ्यांनी हात जोडले. शांत गेला, कसलीच इच्छा मागे राहिली नाही, असं म्हणाले. मला राग आला होता. कसलीच नाही? तो राग कुणाला सांगण्यासारखा नव्हता, म्हणून सांगितला नाही.

असली गोष्ट फोनवर बोलण्यात अर्थ नव्हता. सकाळी लॅपटॉप घेऊन लातूरची बस धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर. वाटेत दिराचा फोन वाजला, तो उचलला नाही.

लातूरला मुलाच्या शेडमध्ये भाजक्या पिठाचा वास होता. त्याचे वडील कपाळाला भस्माचे पट्टे ओढून खुर्चीत बसले होते. मी चित्र पुढे ठेवलं आणि सांगितलं, हे दहाव्याचं पान दिसतंय, छापू नका.

मुलगा चित्र आडवंतिडवं करून बघायला लागला. "मला तर काहीच दिसत नाही, मॅडम."

"तुला कसं दिसंल?" वडील म्हणाले. "आपल्यात कुठं पिंड असतो? आपल्यात समाधी देतात." मग माझ्याकडे वळले. "आम्ही लिंगायत, ताई. त्यामुळं दोघांच्या बी ध्यानात आलं न्हाई."

"मग राहू द्या की," मुलगा म्हणाला.

"राहू द्या? अरे, माल काय निस्ता आपल्याच घरात इकायचाय? गिऱ्हाईक पाकीट फोडायच्या आधी कावळ्याची वाट बघंल!"

मुलगा हसला. मीही हसले, त्याच्याहून जोरात. बऱ्याच दिवसांत घशातून असा आवाज निघाला नव्हता.

"पण ताई," वडील म्हणाले, "छापायच्या आधी घरात कुणाला दाखवत न्हाई का?"

"घरात कुणी नाही."

ते चित्राकडे बघायला लागले. मुलानं उगाच पंखा वाढवला. मला ती कीव नको होती, म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि पान काढून टाकलं. तीन वड्या पांढऱ्या पडद्यावर नुसत्या तरंगत राहिल्या.

माझं माहेर हदगावकडचं. कापूस वेचायला गेल्यावर दुपारी ताट कुणाकडे नसायचं. तळहातावर भाकरी, भाकरीवरच कोरड्यास, शेवटी ताटासकट सगळं पोटात. धुवायला काही नाही, टाकायला काही नाही. मी ज्वारीची गोल भाकरी काढली, एका बाजूनं तुकडा मोडलेली, आणि वड्या तिच्यावर ठेवल्या. मुद्दाम तीन ठेवल्या नाहीत, पाच ठेवल्या.

वडिलांनी खुर्ची पुढे ओढली. "आता भूक लागली बघा."

मुलानं विचारलं, "पण शाश्वत वाटतंय का?"

"ताटच खाऊन टाकलंय, आणखी काय पाहिजे?" मी म्हटलं.

ते चित्र पक्कं झालं. पाकिटांचं आणि खोक्यांचं कामही त्यांनी तिथंच माझ्याकडे दिलं. परतीच्या बसमधून दिराला फोन केला. गाळा द्यायचा नाही, परत विचारू नकोस, असं सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, एकटीला झेपेल का?" मी म्हटलं, "झेपतंय."

छापून आल्यावर मुलानं एक खोकं दुकानात पाठवलं. रंग नीट उतरला होता, भाकरी भाकरीसारखी दिसत होती. एक पाकीट फोडून मी घरी रस्सा केला. 'चार जणांसाठी' असं पाकिटावर होतं, ते मीच छापायला दिलं होतं. त्या रात्री जेवले, सकाळी जेवले, परत रात्री जेवले. तिसऱ्यांदा चव बरी लागली, मसाला मुरला होता. तरी पातेल्यात उरलंच.

सकाळी लातूरला फोन लावला. म्हटलं, "एका माणसापुरतं लहान पाकीट काढा."

"त्याला गिऱ्हाईक आहे का, मॅडम?"

"आहे," मी म्हटलं आणि मापं घ्यायला पट्टी काढली.