पंधरा ते नव्वदच्या मध्ये

आम्ही तिला आकडेबाई म्हणायचो. किनाऱ्यावरच्या गावांना चक्रीवादळ किती वर्षांनी गाठतं, याचा अंदाज बांधणं हे हवामान कार्यालयातलं तिचं काम. नकाशावर गावाभोवती वर्तुळ काढायचं आणि त्यातून गेलेली जुनी वादळं मोजायची. नोंदी तुटपुंज्या, त्यामुळे उत्तर नेहमी ऐसपैस. तिच्या स्वतःच्या गावाचं उत्तर होतं, पंधरा ते नव्वद वर्षं.

तिचा दादा यावर पोट धरून हसायचा. बंदरावर त्याचा बर्फाचा कारखाना होता. वर घर, घरात आई. त्याला एकच आकडा हवा असायचा. एकदा वैतागून ती म्हणाली, "धर चाळीस."

त्याने धरले. मागच्या वादळाला बारा वर्षं झाली होती. म्हणजे अजून अठ्ठावीस वर्षं घोर नाही. वादळ पाळी लावून येत नाही, हे तिने नंतर हजारदा सांगितलं. चाळीस काही त्याच्या डोक्यातून निघाले नाहीत.

इशारा मिळाला तसं गाव रिकामं झालं. न्यायला आलेली गाडी दादाने परत पाठवली. म्हणून ती आणि तिच्या कार्यालयातली मी, आम्ही दोघी त्यांना आणायला गेलो.

पोचलो आणि मागे रस्ता बुडाला. भर दुपारी अंधारलं. पत्रे पात्यांसारखे उडत होते. एक होडी भिंत फोडून आत घुसली. आईला आम्ही जिन्याखाली कोंबलं. दादा कारखान्याचं लोखंडी दार खांद्याने रेटून उभा होता. सोड, सोड, म्हणून आकडेबाई किंचाळत होती.

त्याने मान वळवली. "माझी अठ्ठावीस वर्षं कुठे गेली गं, आकडेबाई?"

दार त्याच्यासकट उखडलं. लाटेने ते भिंतीवर आपटलं, मागे ओढलं, पुन्हा आपटलं. हाडं मोडल्याचा आवाज त्या वाऱ्यातही ऐकू आला.

पाणी ओसरल्यावर आईने त्याच्या तोंडावरचा चिखल पुसला. पुसता पुसता विचारलं, "आता तरी चाळीस वर्षं नाही ना येणार?"

"उद्याही येईल, आई. चल."

आई हलली नाही. नक्की आकडा सांग, म्हणाली.

तिने सांगितला नाही. आईच्या काखेत हात घातले आणि आई ओरबाडत असताना तिला फरफटत बाहेर काढलं.