सागवानी दरवाजाचा पंचनामा

ते प्रकरण निघालं की आजही माझा आवाज चढतो. बायको म्हणते, "अहो, हळू. शेजारी ऐकतायत." ऐकू देत.

पोलीस खात्यातून मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी शारजाला गेलो, तो नव्वदच्या दशकाचा शेवट होता. श्रीमंतांच्या घरांचं नूतनीकरण करणाऱ्या एका कंपनीत सिक्युरिटी इन्चार्ज म्हणून लागलो. खांद्यावरचे स्टार गेले होते, सवयी गेल्या नव्हत्या. पहिल्याच दिवशी साइटवर स्टेशन डायरीसारखं रजिस्टर उघडलं: कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, काय घेऊन.

साइट म्हणजे समुद्राकाठच्या एका जुन्या गावातलं घर. मालक स्थानिक, त्यांचे आजोबा मोत्यांचे व्यापारी. बाहेरून घर आजोबांच्या काळातलंच दिसलं पाहिजे, आत मात्र सेंट्रल एसी आणि इटालियन संगमरवर, असा मालकांचा हुकूम. घराची शान म्हणजे पुढचा दरवाजा. दोन नक्षीदार झडपा, आपल्याच किनाऱ्यावरून गलबतातून गेलेलं सागवान, आणि वर्षानुवर्षं हात लागून, खारी हवा खाऊन काळंभोर झालेलं.

एका शनिवारी मालक मुलाबाळांना घेऊन आले आणि दारासमोरच ओरडले. दरवाजा पिवळसर, गुळगुळीत, नव्यासारखा. जुना चोरून कुणीतरी नवा बसवला, अशी त्यांची खात्री झाली. "कल सुबह पुलिस लेकर आऊँगा," एवढं बोलून ते गाडीत बसले. मुंबईशी व्यापार करणाऱ्या जुन्या घराण्यातले असल्यामुळे त्यांना हिंदी चांगली यायची.

ते जाताच वॉचमनने मला बाजूला घेतलं. "साब, जुम्मे को पिकअप आया था. सुतार ने कपड़े में लपेटकर दरवाज़ा चढ़ाया. अपनी आँख से देखा."

माझ्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद नव्हती. सुट्टीच्या दिवशी, गेटपासशिवाय माल बाहेर गेला होता.

सुतार गुहागरकडचा, पन्नाशी उलटलेला. मी त्याला साइट ऑफिसात बसवलं, बिनदुधाचा सुलेमानी चहा दिला. चौकशीत पहिला प्रश्न गुन्ह्याचा विचारू नये. चोर पाठ करून येतो, निरपराध घाबरून येतो. पहिल्या प्रश्नाला दोघे सारखेच चाचरतात. मी म्हणालो, "हात दाखव."

नखांत काळा चिकट मळ होता. नव्या लाकडाचा भुसा असा नसतो.

"हे काय?"

त्यानं बोटं मुठीत मिटली. मग म्हणाला, "सायेब, दरवाजा मी नेला. पन परत आनला. हाच तो."

"कुठे नेलास?"

"रोल्ला बाजाराच्या मागं गाववाल्याचं वर्कशॉप हाय. शुक्रवारी हितलं मशीन बंद. दोगांनी दिवसभर घासला, संध्याकाळी आनून लावला."

"कुणी सांगितलं होतं?"

"कोन सांगील? मालकांची पोरंबाळं येनार. घर एवढं झ्याक केलं नि दार काळंकुट्ट? मला लाज वाटली वो."

"मग सकाळी बोलला का नाहीस?"

"गेटपास नव्हता. आनि मालक चोर चोर करत व्हते, माझं कोन ऐकतंय?"

वॉचमनला पुन्हा विचारलं. त्याने पिकअप जाताना पाहिली होती; परत आली तेव्हा त्याची ड्यूटी संपलेली होती.

मला पटलं. पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. दुपारभर मी त्या दारासमोर खुर्ची टाकून बसलो. येणारा-जाणारा प्रत्येक जण उजवी झडप ढकलायचा. डावीला कुणी हात लावेना. कुठल्याही घरात असंच असतं. दोन झडपांचं दार असलं तरी माणसं एकच वापरतात, दुसरी लग्नाकार्याला नाहीतर सामान न्यायला उघडते. त्या दाराला बिजागऱ्या नव्हत्या. प्रत्येक झडप खालच्या लाकडी खुंटीवर, दगडातल्या खळग्यात फिरायची.

मी सुताराला झडपा उचलायला लावल्या. डावी खुंटी जवळजवळ गोल. उजवी एका अंगाने तिरकी झिजलेली, आणि खालचा दगडही त्याच अंगाने, तितकाच झिजलेला. एका दिवसात अशी झीज करणं कुणाच्या बापाला जमणार नाही. वॉचमन आणि एक मल्याळी इलेक्ट्रिशियन यांना पंच घेऊन मी पंचनामा लिहिला. दार तेच आहे. सुतारानं विनापरवानगी नेऊन घासलं, त्यात नुकसान झालं. दोन्ही गोष्टी लिहिल्या.

कंपनीचा मॅनेजर मुंबईचा, आपलाच माणूस. वाचून म्हणाला, "ग्रेट, इन्स्पेक्टरसाहेब. पण रिपोर्टमध्ये चोरीच लिहा."

"का?"

"चोरीचा इन्शुरन्स आहे. कामगारानं खराब केलं तर कंपनी भरणार. बी प्रॅक्टिकल. थोडे दिवस आत राहील, मग डिपोर्ट. तसाही जाणारच आहे तो."

"कपाळावर चोर लिहून घेऊन?"

"तुमचा व्हिसा कंपनीचा आहे, विसरू नका."

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील अंगठा उठवायचे. समोरचा वाचून दाखवेल ते खरं मानायचे. मी बी.ए. झालो तो कागद स्वतः वाचता यावा म्हणून. मी उठलो. "व्हिसा तुमचा, सही माझी."

सकाळी मालक दोन पोलीस घेऊन आले. मॅनेजरने स्वतःच टाइप केलेला चोरीचा रिपोर्ट पुढे केला. सुतार भिंतीला टेकून उभा होता. मी त्या दोघांतल्या तरुण अधिकाऱ्याला म्हणालो, "काग़ज़ बाद में. पहले दरवाज़ा उठाइए."

मी खुंटीची आणि दगडाची झीज दाखवली, तशी त्यानं स्वतः हात लावला. आधी डावी झडप उजव्या खळग्यात ठेवून पाहिली; ती खडखडली. उजवी ठेवली तर हलकेच बसली, फिरली. त्यानं पुन्हा एकदा फिरवली आणि मॅनेजरचा कागद त्याच्याच हातात दिला. "खलास. चोरी नहीं है."

मालक सुतारासमोर गेले. "यह मैल मेरे दादा के हाथ का था."

सुताराची मान खाली गेली. पण बोलला. "सेठ, किसी ने बोला नहीं. हमारे गाँव में घर नया करते हैं तो दरवाज़ा पहले चमकाते हैं."

मालकांनी माफ केलं नाही. तक्रार मात्र मागे घेतली.

गेटपासच्या नियमावर बोट ठेवून कंपनीनं सुताराला आठवड्यात परत पाठवलं. माझाही करार पुढे वाढवला नाही. पण सुताराच्या नावावर गुन्हा नव्हता, म्हणून पुढे तो दुसऱ्या कंपनीतून पुन्हा आखातात जाऊ शकला.

लोक विचारतात, नोकरी घालवून काय मिळवलंत? त्यानं नुकसान केलं होतं, मी ते लपवलं नाही. पण नुकसान करणारा वेगळा आणि चोर वेगळा. हा फरक कागदावर उतरायचा असेल, तर कुणीतरी अडून बसावं लागतं. खात्यात असताना मला वाटायचं, ते बळ वर्दीचं आहे. त्या दिवशी अंगावर साधा शर्ट होता आणि मी अडून बसलो. उद्या कुणी पुन्हा तसला कागद पुढे सरकवला, तरी तो माझ्या सहीशिवायच परत जाईल.