धार बघणारा अंगठा

"धार बोटाला विचारावी, दुकानदाराला नाही," असं सासूबाई नेहमी म्हणायच्या. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सोलण्या-चिरण्यातच त्यांचं उभं आयुष्य गेलेलं, तेव्हा हे बोलणं त्यांना शोभायचंही.

जुन्या सुरीची मूठ निखळली म्हणून त्या भांड्यांच्या दुकानात आल्या. सून मुद्दाम सोबत आली. मागच्या आठवड्यात सासूबाईंनी उकळत्या पातेल्यावरचं झाकण नुसत्या हाताने उचललं होतं आणि ते तसंच धरून गप्पा मारत उभ्या राहिल्या होत्या. तेव्हापासून सून त्यांच्या हातांवर नजर ठेवून होती.

दुकानदाराने सुऱ्या मांडल्या. "मावशी, ही घ्या. जरा महाग आहे, पण चांगली."

"महाग तेच चांगलं, असं तुझा बापसुद्धा मला कधी म्हणाला नाही." त्या सुऱ्या उलटसुलट करू लागल्या. "सोलायला पातं आखूड हवं. आणि ते मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं हवं, नाहीतर चार दिवसांत डुगडुगतं. ही बघ, साधी आहे, पण अंगाने धड आहे."

मग त्यांनी पात्यावर अंगठा फिरवला. "बोथट."

दुसरी घेतली. "हीही बोथट. लोणी तरी कापेल का रे?"

तिसरीवर अंगठा जरा दाबूनच फिरवला. दुकानदार हसत होता, तो हसायचा थांबला. फळीवर एक थेंब पडला, पाठोपाठ दुसरा.

"आई, अंगठा," सून हळूच म्हणाली.

सासूबाईंनी खाली पाहिलं. अंगठ्यावर तीन चिरा उघडल्या होत्या. क्षणभर त्यांचा चेहरा परक्या बाईचा झाला. मग त्यांनी मूठ मिटली.

"जुनी जखम आहे. ती पहिली साधी सुरी बांध रे."

"उद्यापासून चिरायला मी येते. तुम्ही बसून नुसतं सांगा."

"हात माझे, आणि सुट्टी तू देणार?" त्या फणकारल्या. मग दुकानदाराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "घरी बोललीस तर बघ. मला ओट्यापासून हटवलंत, तर मी उभं राहायचं कुठे, ते आधी सांग."

सुनेने सुरीचे पैसे दिले.

कागदात गुंडाळलेली सुरी घेऊन सासूबाई वसतिगृहाकडे निघाल्या. संध्याकाळची सगळी भाजी चिरायची होती. रस्त्यापलीकडे त्या थांबल्या, कागद उलगडला आणि पात्यावर पुन्हा अंगठा टेकवला. दाबला. आणखी दाबला. मग मान हलवून तशाच पुढे चालू लागल्या.

सून पायरीवरून बघत राहिली. तिच्यामागे दुकानदार, हातात फडकं, फळी न पुसता.