आमचे साडू आणि ओले डबे

डब्यात काय आहे याच्याशी काडीचंही देणंघेणं नसलेला, पण डब्यावरचा कागद कसा चिकटवलाय यात जीव अडकलेला माणूस सबंध महाराष्ट्रात एकच असावा, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमची आक्का, त्यांना दिली तेव्हा मध्यस्थाने सांगितलं होतं की मुलगा करमाळ्याकडचा आहे आणि सोलापुरात कारखान्यात लेबलचं बघतो. सासऱ्यांनी ते 'लेबरचं बघतो' असं ऐकलं. हाताखाली पन्नास माणसं असलेला जावई मिळाला म्हणून त्यांनी गावभर पेढे वाटले. लग्नानंतर खरा प्रकार कळला तेव्हा ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. साडूभाऊंना मात्र सासरे का रुसलेत हे कधीच समजलं नाही. त्यांच्या मते लेबरचं कुणीही बघेल, लेबलचं बघायला अक्कल लागते.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, चहूबाजूंनी टॉवेल-चादरींचे कारखाने आणि मधे एक खाद्यपदार्थांचा कारखाना. तिथे गुलाबजाम, आमरस आणि मक्याचे दाणे डबाबंद होत. साडूभाऊ तिथे सत्तावीस वर्षं लेबलच्या मशीनवर होते. काम पाहिलं तर साधं. साबुदाण्यासारखे पिवळसर दाणे भांड्यात तापवायचे, की त्यांचा मधासारखा डिंक होतो. डबा लोळत येतो, अंगावर डिंकाचे ठिपके घेतो, कागद उचलतो, स्वतःभोवती गुंडाळून घेतो आणि शेवटच्या कडेला डिंकाची एक रेघ बसली की पुढे जातो. डिंक दोन-तीन सेकंदांत थिजतो. बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं? असं साडूभाऊंसमोर म्हणणाऱ्याला पुढचा तासभर सुटका नसे. "कमी लावायचा आसतो, पाव्हणं! जादा लावला म्हंजे जादा चिकटतंय आसं न्हाय. आन् तापवायचा बी बेतानं. दीडशेच्या आसपास. लई तापवला की करपतो, आन् करपलेला डिंक कुणाचाच न्हाय."

शेजारच्या टॉवेल कारखान्यातून कापसाचे बारीक तंतू उडत येत आणि डिंकाच्या भांड्यात पडत. त्यामुळे 'झाकण!' हा शब्द त्यांच्या तोंडातून शिंकेसारखा आपोआप निघे. एका लग्नाच्या पंगतीत आमटी वाढणाऱ्याने पातेलं उघडं ठेवलं, तर हे शेजारून असे ओरडले की त्या बिचाऱ्याने दचकून पळी नवरदेवाच्या चुलत्याच्या मांडीवर रिकामी केली. किराणा दुकानात गेले की आधी फळीवरचे डबे उतरवून जोडावर नख फिरवणार, हुंगणार आणि दुकानदाराला सांगणार, "ह्याचा कागद श्रावणात सुटंल." दुकानदाराला वाटे, माणूस माल खराब आहे म्हणतोय. आमच्या पेठेतल्या दोन दुकानांत त्यांना बाहेरूनच सामान मिळे.

कहर झाला तो माझ्या पुतण्यासाठी नातेपुत्याला स्थळ बघायला गेलो तेव्हा. मुलीकडच्यांनी गुलाबजाम ठेवले. साडूभाऊंनी एक खाल्ला, डोळे बारीक केले आणि मुलीच्या वडिलांना गंभीरपणे म्हणाले, "डबा दाखवता का?" आमची ही माझ्याकडे आणि मी छताकडे बघू लागलो. मुलीनेच आतून रिकामा डबा आणून दिला. यांनी कागद सोलला, उजेडात धरला आणि म्हणाले, "एवढा डिंक? अर्ध्यात काम झालं आसतं." त्यावर ती मुलगी शांतपणे म्हणाली, "व्हय की. म्हणून तर डबा धुताना हाताला चिकचिक लागली." साडूभाऊ जागेवरून उठले आणि पुतण्याला न विचारताच म्हणाले, "ठरलं." आणि खरंच ठरलं.

पण त्यांची खरी परीक्षा झाली ती पुण्याहून नवे मॅनेजर आले त्या वर्षी. मॅनेजर हुशार, तरुण आणि घाईत. गणपतीच्या आधीची मोठी ऑर्डर होती आणि लेबलं सुटू लागली होती. मॅनेजरांनी निदान केलं, डिंक थंड आहे. त्यांनी तापमान वाढवलं. लेबलं आणखी सुटली. त्यांनी आणखी वाढवलं. साडूभाऊ "साहेब, डिंकाचं दुखणं न्हाय वं हे," असं सांगायला गेले, तर उत्तर मिळालं, "काका, मी इंजिनिअर आहे." साडूभाऊ परत येऊन स्टुलावर बसले. त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबासुद्धा उघडला नाही, असं आक्का अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम उघडलं तर चारेकशे डबे बिनलेबलाचे आणि लेबलांचा खाली पाचोळा. मशीनवर डिंक काळा पडून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे लोंबत होते. डब्यांच्या तळावर तारीख होती, पण तिन्ही पदार्थ एकाच दिवशी भरलेले. आत काय आहे हे सांगणार कोण? ट्रक दुपारी निघायचा होता. मालकांनी मॅनेजरांना सगळ्यांसमोर विचारलं, "आता प्रत्येक डबा फोडून बघायचा का?"

साडूभाऊ उठले. त्यांनी डबा हातात घेतला, कानाशी नेला, हलवला. "रस." दुसरा. "मका. खुळखुळतोय." तिसरा गप्पच राहिला, नुसता धप्प झाला. "गुलाबजाम." मालकांनी तिन्ही फोडून बघितले. बरोबर! मग तीन तास हा माणूस डोळे मिटून डबे ऐकत होता आणि आख्खा कारखाना श्वास रोखून उभा होता. मधूनमधून तपासणीला फोडलेल्या डब्यांत एकच चुकला. तिथे मक्याऐवजी रस निघाला. त्या एका डब्याचं दुःख त्यांना पुढे चार महिने पुरलं.

मग ते मॅनेजरांकडे वळले. सगळ्यांना वाटलं, आता उट्टं काढणार. त्यांनी मॅनेजरांचा हात धरून ताज्या डब्यावर ठेवला. "काय लागतंय?"

"ओलं आहे," मॅनेजर पुटपुटले.

"गार पाण्याच्या टाकीतनं निघतोय, हवा दमट, आन् आपण गडबडीत पुसत न्हाय. पाण्यावर डिंक कसा धरंल, साहेब? आग वाढवून काय उपेग?" एवढं बोलून ते शेजारच्या कारखान्यात गेले आणि फेकायला काढलेल्या टॉवेलांचं गाठोडंच घेऊन आले. भांडं खरवडून नवा डिंक, दीडशेवर काटा आणि दोन्ही बाजूंना डबे पुसणारी माणसं. पुसणाऱ्यांत पहिले मॅनेजर होते, बाह्या दुमडून. ट्रक संध्याकाळी निघाला, पण निघाला.

तेव्हापासून मॅनेजर रोज सकाळी यांच्या स्टुलापाशी येऊन विचारत, "काका, आज डबे कसे?" साडूभाऊ निवृत्त झाल्यावर हाच प्रश्न फोनवर येऊ लागला. बरोबर आठच्या ठोक्याला. हे गॅलरीत जाऊन हवा बघत आणि सांगत, "आज दोनदा पुसा," नाहीतर "आज ऊन हाय, चालू द्या." फोन होईपर्यंत चहाला हात लावत नसत.

मागच्या महिन्यात माझं त्या बाजूला काम होतं म्हणून कारखान्यात डोकावलो. लेबलच्या मशीनची जागा रिकामी होती. आता डबे छापूनच येतात, मशीन दिवाळीतच गेलं, असं मॅनेजर म्हणाले आणि मग हळूच माझा हात धरला. "काकांना सांगू नका. फोन मी करत राहीन."

मी दोन दिवस अस्वस्थ होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी साडूंकडे गेलो. फोन आला. हे गॅलरीत गेले, आभाळ बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ढग हायत. टॉवेल कोरडं घ्या, साहेब." फोन ठेवून ते चहाचा कप घेऊन माझ्याजवळ बसले. माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे.

"मशीन गेलंय, मला ठाव हाय," ते म्हणाले. "शेजारच्या टॉवेलवाल्यानं तवाच सांगितलं."

"मग रोज हे कशाला?"

साडूभाऊंनी बशीत चहा ओतला, त्यावर फुंकर घातली.

"आवं, पोरगं लांबचं हाय, हितं त्याचं कुणी न्हाय," ते म्हणाले. "सकाळी फोन केला की त्याला बरं वाटतंय."